पिठ्याच्या पिसवा

६ नोव्हेंबर, गुरुवार
आईच्या पातळावर काळे कण. आधी वाटलं तीळ सांडले. ओल्या कापसावर टिपले तर कापूस तांबूस झाला. पिसवांची घाण. म्हणजे आमच्या सशाचं, पिठ्याचंच रक्त. मानेवरची लव फुंकून पाहिली, दोन पिसवा सरसर आत पळाल्या. गॅलरीतल्या पायपुसण्यावर झोपणाऱ्या बोक्याची कृपा.
आई म्हणाली, "दोन दिवस खाजवतोय बिचारा."
मग मला का नाही सांगितलंस?
"तू लिहीत होतीस."

७ नोव्हें., शुक्र.
स्टेशनजवळचा दुकानदार: "कुत्र्याचे थेंब आहेत ताई, अर्धे टाका. ससा काय नि कुत्रा काय!" पुडकं हातात घेतलंही होतं. तेवढ्यात सुचलं म्हणून माजिवड्याला फोन केला. सशांचं बघणाऱ्या डॉ. तिथेच बसतात. त्या एकदम ओरडल्याच. त्यात फिप्रोनिल असेल तर ससा दगावतो. गळ्यातला पट्टा नको, पावडर नको, आंघोळ तर मुळीच नको, धसक्यानेच जातात. औषध त्या वजन करून देतील. तोवर बारीक फणी, आणि अंथरूण गरम पाण्यात.
उद्याची वेळ देत होत्या. मी बुधवार मागून घेतला. मंगळवारी पुस्तकाची प्रुफं द्यायची आहेत. चार दिवसांनी काय होतंय.

९ नोव्हें., रवि.
फणीत अकरा निघाल्या. साबणाच्या पाण्यात बुडवल्या. त्याच्या चिंध्या उकळल्या, सोफ्याच्या फटींतून व्हॅक्यूम फिरवला, पायपुसणं फेकलं. पिठ्या फणीखाली गप्प, कान पाठीला चिकटलेले. आई शेजारी बसून, "झालं हं राजा, झालं."
बाबा गेल्यापासून ती आपणहून बोलते ती त्याच्याशीच. मला उत्तरं देते.
बाकी दिवसभर प्रुफं. प्रकरण सातमध्ये चुकाच चुका.

११ नोव्हें., मंगळ.
प्रुफं देऊन पाचला घरी. दारातच आई. हसत होती. किती महिन्यांनी…
"एक पिसू उरली नाही बघ."
घरभर खोबरेल तेलाचा वास. पिठ्या कोपऱ्यात तेलकट, चिप्प. गेल्या आठवड्यात खाल्लेल्या सीताफळांच्या बिया तिने वाळवल्या होत्या. खलबत्त्यात कुटून, तेलात कालवून, मानेपासून शेपटीपर्यंत चोळल्या. दुसरीत असताना माझ्या डोक्यातल्या उवांना हेच लावायची. डोळ्यांवर घट्ट फडकं बांधून.
"तुझ्या डोळ्यांना बांधायचे. याच्या कुठे बांधणार? हलतोय नुसता."
डावा डोळा मिटलेला, पाणी गळतंय. पाठीचं धनुष्य करून दात करकर खातोय. आणि मधेच अंग चाटतोय.
डॉ. फोनवर: चाटू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसत राहा, आत्ता निघा.
निघते.

१२ नोव्हें., बुध.
काल परत आल्यावर लिहवलं नाही.
मोठागावच्या पुलावर रिक्षावाला म्हणाला, "सशासाठी माजिवडा? डोंबिवलीतले डॉक्टर काय संपावर गेले का ताई?" मी हसले. टोपलीवर हात ठेवून हसले.
डॉक्टरांनी डोळ्यात रंग घातला. निळ्या दिव्याखाली बुबुळावर हिरवा डाग, मसूरडाळीएवढा. तेवढ्या जागेची त्वचा गेली. अंग पुसून स्वच्छ केलं. पण जे चाटलं ते पोटात गेलंच.
"कोणी लावलं हे?"
"मी."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
डोळ्याचे थेंब, दुखण्याचं औषध, दर तीन तासांनी सिरिंजने भरवायचं, लेंड्या मोजायच्या. "पोट थांबलं तर डोळ्याचा प्रश्नच उरणार नाही." पिसवांचं औषध वजनाप्रमाणे छोट्या नळीत भरून दिलंय. ते आता नाही. स्वतःहून खायला लागेल तेव्हा.
आई दारात उभीच होती. "पिसू चावली का गं डोळ्याला?"
असेल, म्हटलं.

१३ नोव्हें., गुरु.
लेंड्या पाच, मोहरीएवढ्या. भरवलेली पेज तोंडाच्या कडेने बाहेर येते. मान धरून ठेवावी लागते. त्याचं हृदय माझ्या बोटांत धडधडतं, इतकं जोरात की मीच घाबरून सोडते.
आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत, "बघ, कसा निवांत झालाय. खाजवत नाही की काही नाही."
खाजवायला ताकद लागते.
तिला सांगायला हवं. कशासाठी पण? शहात्तराव्या वर्षी, एवढं एकच…

१४ नोव्हें., शुक्र.
सांगितलं.
सकाळी बघते तर आई कागदाची पुडी बांधत होती. उरलेल्या बियांची पूड. खालच्या मजल्यावरच्या सावंतवहिनींच्या नातीला उवा झाल्यात. सहा वर्षांची आहे ती. आई चप्पल घालून निघालीही होती. "पिठ्याला एवढा गुण आला, त्या पोरीला का नको?"
मी पुडी ओढूनच घेतली. आणि मग सगळं बोलून टाकलं. डोळा, पोट, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं. हळू सांगायचं ठरवलं होतं, आवाज चढला.
आई चप्पल घालून तशीच उभी. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं."
कधी?
"रविवारी. सीताफळाच्या बिया लावू का म्हणून. तू हं म्हणालीस."
मला आठवत नाही. प्रकरण सात आठवतं. तिचा आवाज आठवत नाही. पण मी म्हणाले असणार. मान वर न करता मी हल्ली सगळ्यालाच हं म्हणते.
पूड संडासात ओतली, दोनदा पाणी सोडलं. आई तिच्या खोलीत. जेवायला आली नाही.

१५ नोव्हें., शनि.
लेंड्या चौदा. मोठ्या होतायत. डोळ्यावर दुधाळ साय. डॉ. म्हणाल्या, पंधरा दिवस बघू, नाहीतर डोळा काढावा लागेल. भूल सोसेल का, ते पोटावर.
पिठ्या आईच्या पायाशी जाऊन बसला. तिने पाय वर घेतले.
"माझे हात नकोत त्याला."
मी म्हटलं, चूक माझी आहे. तर म्हणाली, "तू लावलंस का? मी लावलं. चोळून चोळून लावलं." दोन्ही हात पदराखाली.

१६ नोव्हें., रवि.
पिठ्याने सकाळी स्वतःहून सुकं गवत ओढलं. तीन काड्या. मग अर्धं पान मेथीचं. डॉ.ना कळवलं. म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत असाच खात राहिला तर नळीतलं पिसवांचं औषध घाला. मानेमागे, जिभेला पोचणार नाही अशा जागी. एकटीने करू नका, हिसका मारला तर कण्याला इजा होते. एकीने धरायचं, एकीने लव फाकवून थेंब सोडायचे.
खात राहिला. फणीत पुन्हा चार. एवढं सगळं होऊन त्या आहेतच.
टॉवेल अंथरलाय. पिठ्या त्यावर बसलाय, उजवा डोळा माझ्याकडे. नळी अजून फोडली नाही. आईला हाक मारली.
"हात धुऊन येते," म्हणाली.
त्याला वीस मिनिटं झाली. बाथरूमचा नळ चालूच आहे.