जुना तंबू घ्यावा की नको

आबा,

गेल्या रविवारी मी पेठ वडगावला एक तंबू बघायला गेले होते. पन्नाशी ओलांडल्यावर तुमची मुलगी डोंगरात जायला लागली आहे. आतापर्यंत सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. आता पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत चालायचं आहे, वाटेत मुक्काम करत. गुडघा कुरकुरतो, म्हणून पाठीवर ओझं कमी हवं. हा तंबू दीड किलोसुद्धा भरत नाही. पण जुना आहे, आणि कंपनीनं तो बनवणंच बंद केलंय. तंबू ताणून धरणारी नळी मोडली तर दुसरी मिळायची नाही. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "नवा घे की. जड असला तर असू दे. ह्याचे पार्ट कुठं हुडकत बसणार?" तिचं बरोबरच होतं. मीही नुसता बघून यायचं असंच ठरवून निघाले होते.

तुमचे तंबू जाड कॅनव्हासचे. दर पावसाळ्यात शाळेतल्या पोरांना घेऊन तुम्ही डोंगरात जायचा, आणि परत आलात की ते चिखलानं माखलेले गठ्ठे दारात टाकून, अंघोळ करून झोपायचा. आई आणि मी ते ब्रशनं घासायचो. मंगळवार पेठेतल्या गच्चीवर ते वाळायला कितीतरी दिवस लागायचे, ऊन यायचं आणि जायचं, घरभर कुबट वास. एकदा, मी नववीत असेन, वाळवायला म्हणून एक तंबू आम्ही बांबूवर उभा केलेला. मी पुस्तक घेऊन आत शिरते. आत हिरवा उजेड आहे, गार आहे, खालून आईच्या भांड्यांचा आवाज येतोय. तेवढ्यात तुम्ही वर येता आणि दोरी ओढता. ओला कॅनव्हास माझ्या अंगावर बसतो. "बाहेर ये. हे पोरांचं हाय. जा, आईला हात लाव जा." मी चाचपडत बाहेर येते तेव्हा शेजारच्या गच्चीवरची माणसं हसत असतात. आणि तुम्हीही हसत असता. तुम्ही ओरडलात ते मी कधीच विसरले. हसलात ते नाही.

तंबू विकणारा माणूस साठीकडे झुकलेला. पाठीचं ऑपरेशन झालंय, आता डोंगर बंद, म्हणून काढतोय म्हणाला. गोठ्यापुढच्या अंगणात त्यानं तंबू पसरला आणि आपणहून एकेक खोड दाखवली. शिवणीवरची पट्टी एका बाजूनं सुटलेली, तळाचं कापड कोपऱ्यात चिकट झालेलं. "पाऊस जोराचा आला तर हितनं गळंल. खोटं कशाला सांगू?" मग चहा आला, आणि "तुम्ही कोल्हापुरात कुठल्या, कुणाच्या?" अशी माझी विचारपूस झाली. मी तुमचं नाव सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"म्हंजे सरांची मुलगी तुम्ही? अवं, आदी सांगायचं न्हाय व्हय!" त्याचे डोळे भरून आले, आबा. "न्या हो ताई, तसाच न्या. सरांच्या मुलीकडनं पैसं घेऊ व्हय? सरांमुळं माणसात आलो मी."

"पैसे घ्या, नाहीतर मी निघते," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. मग मी त्याला सांगितलं ते तंबू कोण धुवायचं. त्या डोंगरावर मला एकदाही नेलं नाही, हेही सांगितलं.

तो गोंधळला. "पर ताई, आमी म्हणायचो की सरांना. चित्रकलेच्या बाईंच्या दोन्ही पोरी यायच्या आमच्यासंगं. तुमच्या मुलीलाबी आणा म्हणायचो. सर म्हणायचे, तिला न्हाय आवडत असलं. चिखलाची किळस येती तिला."

माझ्या नखांत तो चिखल आठवडाभर असायचा.

तुम्ही नाही म्हणालात हे मी केव्हाच समजून घेतलं होतं. काळ तसा होता, लोक बोलले असते, मुलीची जात, अशी सगळी कारणं मीच तुमच्या वतीनं शोधून ठेवली होती. आता कळलं, दुसऱ्यांच्या मुली जात होत्या. आणि पुन्हा कुणी विचारू नये म्हणून तुम्ही माझ्या तोंडी एक किळस घालून मोकळे झालात. एवढी वर्षं ती सगळी पोरं मला नाजूक, नखरेल समजत मोठी झाली.

तंबू मी घेतला. शहाणपणाचा सौदा नव्हे. शिवणी नव्यानं चिकटवाव्या लागतील, आणि नळी मोडली की खेळ संपला. पण तो तिथंच सोडून आले असते तर त्या माणसाला वाटलं असतं, सर बोलायचे ते खरंच होतं. त्यानं नाइलाजानं पैसे घेतले. मग तंबू कसा उभा करायचा ते मला शिकवलं, न हसता, मला जमेपर्यंत.

घरी आल्यावर आईनं ती पिशवी एका हातानं उचलली आणि बघतच राहिली. "एवढाच व्हय? आन् आमी ते धोंडं घासत बसायचो." मग म्हणाली, "कुणाकडनं आणलास?" तुमच्या विद्यार्थ्याकडून, मी सांगितलं. ती एकदम सावरून बसली. तिचं वय तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेल्यापासून तुमच्याबद्दल कुणी बोलायला भेटत नाही तिला.

"काय म्हणाला गं ह्यांच्याबद्दल?"

सांगायचं होतं. वडगावपासून सगळी वाट मी तेच वाक्य घोकत आले होते. पण मी म्हणाले, "सर त्याला आमच्याबद्दल फार कौतुकानं सांगायचे म्हणे." ती हसली, पदरानं डोळे पुसले, आणि दुपारभर खुशीत होती.

मला वाटायचं, तुमचं माझ्यात काहीच उतरलेलं नाही. पण किती सहज जमलं, आबा.