सुमनच्या कॅलिपरची दोन भोकं

मंगळवार, संध्याकाळ

सुमनच्या कॅलिपरचं काम आज झालं एकदाचं. पोलिओमुळे तिचा डावा पाय लहानपणापासून कॅलिपरवर, म्हणजे पायाला बांधायच्या धातूच्या आधारावर. गुडघ्याच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या असतात, त्यांतली भोकं झिजली होती, म्हणून चालताना पाय लटपटायचा. नव्या पट्ट्या मीच केल्या, पण पोलाद इतकं कडक, की काल साधं ड्रिल टेकवलं की घसरायचं. दोन्ही भोकं समोरासमोर आली नाहीत तर सांधा अडकणार, आणि पडणार ती, मी नाही.

म्हणून आज कार्बाइडचं स्पॉटिंग ड्रिल आणलं. आखूड, जाड, पोलादाहूनही कडक, पण ठिसूळ. जरा हललं की तुटतं. इतकी वर्षं अंबडच्या या वर्कशॉपमध्ये लोकांची कामं केली, पण घरच्या कामाला जास्तच जपून. एकेक पट्टी मशिनवर घट्ट आवळली आणि आधी नुसती खळी पाडली. मग त्या खळीत पुढचं ड्रिल बरोबर बसलं, तसूभरही घसरलं नाही.

सुमन स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, "अहो, श्वास तरी घ्या."

पट्ट्या समोरासमोर धरून तपासलं, तर दोन्ही भोकांतून पिन सरळ आरपार गेली.

कॅलिपर चढवून ती उठली. मी हात पुढे केला, तो तिने धरलाच नाही. फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत एकटी गेली आणि तिथून हाक मारली, "या, चहा सांगितलाय."

मी लगेच गेलो नाही. ती तिथे ऐटीत उभी होती, तेच बघत राहिलो. चहा गार केला म्हणून बोलणी खाल्ली.