बिनकामाची फुलं

प्रिय खारूताई,

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, घर जागेवर आहे आणि गॅस बंद केल्याची खात्री करूनच लिहायला बसलोय. फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुला माहीतच आहे. तू विचारतेस, जेवलात का. मी म्हणतो, हो. तू विचारतेस, औषध घेतलंत का. मी म्हणतो, हो. मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत थांबतो आणि कुणीतरी म्हणतं, बरं, ठेवू का. कारखान्यात पाळी बदलताना दोन फोरमन याच्यापेक्षा जास्त बोलायचे, आणि त्यांचं तर आपसात पटतही नसे.

जाताना जिन्यात तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. आईला पोचवून आलो त्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं. मी बादली उचलली, गच्चीवर गेलो आणि वांग्यांना पाणी घातलं. तू मागोमाग आलीस आणि दारात उभी राहून बघत राहिलीस. निघायच्या दिवशी मात्र बॅग खांद्याला लावून म्हणालीस, "बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" आणि उत्तरासाठी न थांबता खाली उतरलीस. तेव्हापासून तू रागावलेली आहेस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सध्या कशाबद्दलच काही तक्रार नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे.

तुला वाटलं असेल, बाबा लपवतायत. पुरुष माणूस, जुन्या वळणाचा, दात आवळून बसलाय. तसं असतं तर बरं झालं असतं. मी आत डोकावून बघितलं, एकदा नव्हे, पुष्कळदा. तिथे काही नव्हतंच. दाढ काढल्यावर ओठ कसा आपला असून आपला नसतो, तसं सगळं झालंय. मध्यंतरी कात्रीने बोट कापलं. पानांवर लाल ठिपके दिसले तेव्हा मी चष्मा लावून ही कोणती नवी कीड म्हणून बघत बसलो. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, काहींचं होतं असं, जाईल हळूहळू. बोटाला मात्र त्यांनी व्यवस्थित पट्टी बांधली.

दिवस जातात ते गच्चीमुळे. तुला आठवतं ना, आईचा नियम होता, सकाळी आधी वर जाऊन बघायचं काय तयार आहे आणि मग खाली येऊन ठरवायचं काय खायचं. तांदूळ, तेल, मीठ, साखर, चहा एवढंच दुकानातून. बाकी सगळं निळ्या पिंपांतून आणि फुटक्या बादल्यांतून. ती त्याला मळा म्हणायची आणि मी हसायचो. पाण्याच्या टाकीशेजारी दहा पावलांत संपणारा कसला आलाय मळा! पण तिने त्या दहा पावलांत आपल्याला इतकी वर्षं जेवू घातलं हेही खरं. ती गेली त्यानंतर वांगी येत राहिली, मिरच्या येत राहिल्या, तिने पेरून ठेवलेला पालक मी कापायचो आणि तो पुन्हा वाढायचा. लोक हळहळायचे की आता यांना बायकोच्या हातचं कुठून मिळणार. मी रोज तिच्याच हातचं खात होतो. स्वयंपाक तेवढा माझा होता, म्हणजे करपलेला.

मला यातलं काही येत नव्हतं. मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस, लोखंड सांगेल तिथे थांबतं. झाड थांबत नाही. तरी शिकलो. ओला कचरा कोरड्या पानांत मिसळून पिंपात घालतो. वरचं झाकण उघडलं की आतून कोमट वाफ येते, हाताला चक्क ऊब लागते. टोमॅटोच्या पानाला हात लागला की बोटांना वास राहतो, तो साबणानेही लवकर जात नाही. काकडी वेलावरून काढून तिथेच उभ्या उभ्या खाल्ली तर ती दुकानातल्या काकडीची कुणीच लागत नाही, इतकी वेगळी असते. हे सगळं मला कळतं. चांगलं आहे हे कळतं. पूर्वी त्याच्यापुढे आणखी एक काहीतरी व्हायचं, ते होत नाही.

तिच्या हातचं संपत आलं तेव्हा मी पहिल्यांदा स्वतः पेरलं. दुधी भोपळा लावला. तिच्या डब्यातल्या बिया घेतल्या, माती चाळली, खत मोजून घातलं आणि जुन्या पाइपांचा मांडव वेल्डिंग करून पक्का केला. वेल असा सुटला की बघत राहावं. फुलं आली, पांढरी, संध्याकाळी उमलणारी. आता इथे तुझ्या बापाची अक्कल बघ. मी निरीक्षण केलं. काही फुलांच्या मागे इवलासा दुधी असतो, लव असलेला, करंगळीएवढा. आणि पुष्कळशा फुलांच्या मागे काहीच नसतं, नुसता लांब बारीक देठ. मी म्हटलं, हे काय! नुसती खाऊन पिऊन मिरवणारी फुलं! आमच्या खात्यात ज्याच्यातून जॉब निघत नाही तो माल बाजूला काढायची पद्धत. मग रोज कात्री घेऊन मी ती बिनकामाची फुलं आणि कळ्या एकूण एक छाटायला लागलो. म्हटलं, सगळी ताकद दुधीकडे जाऊ दे. एकही सुटू दिलं नाही. काम मी नेटकंच करतो, ते तुला माहीत आहे.

आणि छोटे दुधी पिवळे पडून गळायला लागले. एकामागून एक. पाणी कमी केलं, वाढवलं. राख टाकली. कडुलिंबाचा पाला उकळून फवारला. उंदीर असतील म्हणून दोन रात्री पिंजरा लावला, त्यात आमच्याच मजल्यावरचं मांजर सापडलं आणि त्याच्या मालकिणीचं बोलणं ऐकून घ्यावं लागलं. गळणं थांबेना. मी पडलेले दुधी झाडूने गोळा करायचो आणि खताच्या पिंपात टाकायचो. एखाद्याने डोकं धरलं असतं. मी दुसऱ्या दिवशी कात्रीला धार लावून परत हजर.

शेवटी टीपबाईने बघितलं. शेजारच्या इमारतीतली ती शिवणकाम करणारी बाई, तिला आईने ठेवलेलं नाव तू विसरली नसशील. त्यांची गच्ची आपल्या गच्चीला जवळजवळ चिकटून आहे. ती वाळलेले कपडे काढायला आली होती आणि मी कात्री चालवत होतो. कठड्यावरून वाकून ओरडलीच, "अहो भाऊ, काय करताय काय? नवरदेवच कापून टाकलेत की सगळे!" मग हसू आवरत तिने समजावलं. देठावरचं नुसतं फूल नर असतं. त्याचा पराग मादीच्या फुलात पडला तरच दुधी धरतो. खाली जमिनीवर ते काम किडे करतात, पण इतक्या वर संध्याकाळी कोण फिरकणार? म्हणून वहिनी रोज दिवेलागणीला येऊन हाताने लग्नं लावायच्या, म्हणाली. नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला दांडा मादी फुलाला हलकेच टेकवायचा, झालं. आई रोज त्या वेळी वर जायची ती टीपबाईशी गप्पा मारायला, असं मी धरून चाललो होतो. तसं ते खोटंही नव्हतं, गप्पाही व्हायच्याच. टीपबाई म्हणाली, लग्नात गप्पा नकोत होय?

कात्री ठेवून दिली. नवीन नर कळ्या यायला थोडे दिवस गेले. मग एका संध्याकाळी पहिलं लग्न लावलं. माझी बोटं जाड, पाकळी फाटली, दांडा मोडला. दुसरं फूल घेतलं. पलीकडून टीपबाई सूचना देत होती, हळू भाऊ, नट नाही आवळायचा. काही दिवसांनी एक दुधी पिवळा पडला नाही. हिरवा राहिला आणि फुगायला लागला. मी जुना व्हर्नियर काढून रोज त्याचं माप घ्यायचो. तो एका रात्रीत इतका वाढायचा की मला माझ्या डोळ्यांवर आणि नंतर व्हर्नियरवर संशय आला. इथे मी लिहायला हवं की मला फार आनंद झाला, हात थरथरले वगैरे. तुला ते वाचायला आवडलंही असतं. पण झालं एवढंच की मी माप घेतलं आणि खाली येऊन भात लावला.

दुधी काढला तो हातभर लांब होता. नखाने दाबला की ओरखडा उमटत होता, म्हणजे कोवळा. एकट्याला तेवढा संपणार नव्हता. सवयीने अर्धा कापून बाजूला ठेवला, तुझ्या आईच्या हिशेबाने. मग तोच अर्धा फडक्यात गुंडाळून टीपबाईकडे घेऊन गेलो. तिची मशीन चालू होती, कुणाचा तरी परकर शिवत होती. मी म्हटलं, घ्या, तुमच्या लग्नाचा आहेर. तिने फडकं उघडलं, दुधीवरून हात फिरवला आणि एकदम रडायला लागली. म्हणजे डोळ्यांत पाणी वगैरे नाही, मोठ्याने, मशीनवर डोकं टेकून. म्हणत होती, वहिनी असत्या तर, वहिनी असत्या तर. पुढचं वाक्य तिला जमत नव्हतं. आतून तिचा नवरा धावत आला, त्याला वाटलं बोटात सुई गेली. मी दारात चपलेत उभा. काय करावं कळेना म्हणून तसाच उभा राहिलो आणि तिच्याकडे बघत होतो. आणि खारूताई, मला तिचा हेवा वाटला. चक्क जळफळाट झाला. माझी बायको, आणि रडतेय ही. आई गेल्यापासून मला वाटलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही अशी की कुणाला सांगायची लाज वाटावी. घरी येईपर्यंत तेही विझलं.

म्हणून हे पत्र. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की नाही, मला काही वाटत नाही. वाटेल पुढे, किंवा नाही वाटणार, डॉक्टरांनाही माहीत नाही. आपल्या घरात हे खातं कायम तुझ्या आईकडे होतं. बातम्यांत कुठे पूर आला तरी ती रडायची. तुला पहिली नोकरी लागली तेव्हा रडली. मी निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा माझ्या वाटचंही तीच रडली, मी फक्त रुमाल पुढे केला. मला वाटायचं, घरात एकाने केलं की सगळ्यांचं झालं. आता ती नाही. तू तिकडे आहेस, आणि फोन ठेवल्यावर काय करत असशील ते मला न सांगता समजतं. तर ते तू इथे येऊन कर. मी तुझी समजूत काढणार नाही, मला ती काढता येत नाही. तू ओरड, भांडी आपट, मला वाटेल ते बोल, रडायचं तेवढं रड. मी समोर बसून राहीन, उठून गच्चीवर जाणार नाही. फक्त माझ्यात काही हललं का ते सारखं बघू नकोस. हललं नाही तरी ये. आई गेल्याचं दुःख या घरात निदान एका माणसाला तरी होऊ दे.

आहे तसा, तुझाच,
बाबा