बाबाची किडनी

अकोला, १२ जुलै २०२४

प्रिय दीक्षाताईंना, पौर्णिमाचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळे मजेत, असं यंदा लिहवत नाही. यांच्यासमोर फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र. तुमच्या भावानं आचलला किडनी दिली त्याला सहा वर्षं झाली. ती आता बिघडली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोरीनं गोळ्या सोडल्या होत्या, आणि त्यांच्याशिवाय शरीर दुसऱ्याची किडनी टिकू देत नाही. मी रोज गोळी हातावर ठेवायची. ती पाणी प्यायची, गोळी मोरीत जायची. इंजेक्शनं सुरू आहेत. हे तिच्याशी बोलतच नाहीत. ती तुमचं ऐकते, तिला लिहा.

माया असू द्या,
पौर्णिमा

अमरावती, १८ जुलै

लाडक्या आचलबाईस, आत्याचा जय भीम आणि एक चापट.

चापट प्रेमाचीच, पण लागू दे. एवढंच सांग, गोळ्या काहून सोडल्या? रागावणार नाही. शाळेत दिवसभर पोरींवर ओरडून घरी येईपर्यंत माझा आवाज उरत नाही. तुझा बाप लहानपणापासून असाच घुम्या आहे, मनाला लावून घेऊ नको. रविवारी येते. तुला काय खायला चालतं ते आईला विचारूनच आणीन, नाहीतर ती मलाच घराबाहेर काढेल.

तुझीच, आठवण काढणारी,
आत्या

अकोला, ९ ऑगस्ट

ती. आत्यास, सविनय जय भीम.

तुमी आल्या तवा सर्व्यासमोर सांगता आलं नाही. गोळ्यायनं माहं तोंड सुजलं, ओठावर केस आले. वर्गात मले मिशीवाली म्हणत. गोळी सोडली तं तोंड उतरलं, आन् त्रास काहीच झाला नाही. मले वाटलं, किडनी आता माहीच झाली.

इंजेक्शनाचा उपयोग नाही झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते, तिथंच बसून लिहून राहिली. आई आपली द्याले तयार होती, पण माह्या रक्ताशी तिचं जुळत नाही म्हणे. आता किडनीची वाट पायणाऱ्यायच्या यादीत नाव टाकलं. बाबा मले आणतेत, नेतेत, बोलत नाहीत. त्यायची किडनी मी मारली न, आत्या? तुमी त्यायले लिहा.

लोभ कमी नका करू,
आचल

अकोला, ३ नोव्हेंबर

ताई, जय भीम.

तुह्यं पत्र भेटलं. मले राग नव्हता. तोंड उघडलं तं रडन आन् पोरगी घाबरन, म्हणून गप्प होतो. काल मशीनजवळ बसून बोललो. म्हटलं, थे किडनी तू मारली नाही, वापरली. तिच्यावर तू सायकल शिकली, सेमाडोहच्या सहलीले गेली, सातवी पास झाली. दोघंही लय रडलो. बाजूच्या पलंगावरच्या देवरावभाऊनं तोंड तिकडं फिरवलं.

मंग तिनं विचारलं, आपला नंबर लागला म्हणजे कोणीतरी मेलं असन न, बाबा? माह्याएवढी पोरगीही असू शकते न? खोटं कसं बोलू, ताई? हो म्हटलं.

संध्याकाळी घरी आलो. जेवताना आईले म्हणे, दवाखान्यातून फोन आला तं मले लगेच सांगू नका. पहिले त्या पोरीसाठी एक मेणबत्ती लावा, मंग सांगा.

आता फोन वाजला का पौर्णिमा माह्या तोंडाकडे पायते.

आमच्यावर जीव असू दे.
तुहा भाऊ,
ललित