नमुना न तपासता

प्रिय धाकटे,

तुझा फोन झाल्यापासून दोन दिवस मी घुश्श्यात आहे. तीन महिने झाले, त्रास परत उलटला नाही, असं तू आनंदाने सांगत होतीस आणि मी नुसतं 'बरं, बरं' करत होते. तुला वाटलं असेल, आईचं लक्ष नाही. लक्ष होतं. दर दुसऱ्या वाक्यात तुझ्या सासूबाई येत होत्या आणि माझे कान नेमके तेवढंच टिपत होते.

स्पष्टच लिहिते. मला विहीणबाईंचा हेवा वाटला. वर्षभरात चार वेळा तुझा योनिमार्गाचा संसर्ग उलटला आणि चारही वेळा तू मला फोन केलास. खाज, स्राव, जळजळ. पुढचं मी ऐकूनच घेतलं नाही. बुरशी असेल, मी नाव सांगते तेच मलम आण, आणि जंतुनाशक घालून आतून धूत जा, असं सांगून विषय मिटवला. चौथ्या वेळी वास येतो म्हणालीस, तर स्वच्छतेवरून तुलाच झापलं. पाचव्या वेळी तुझा फोन आला नाही. मला वाटलं, बरी झाली.

पाचव्या वेळी तू त्यांना सांगितलंस. तेही आपणहून नाही. त्यांच्या शिवणाच्या दुकानात माप देताना तू सारखी चुळबुळ करत होतीस, तेव्हा त्यांनी टेप गळ्यात टाकून विचारलं, "खाली काही त्रास आहे का गं?" एवढंच. जंतुशास्त्राची पदवी माझ्याकडे, आणि प्रश्न त्यांना सुचला. मग म्हणे मापाच्या वहीत, तुझ्या कमरेच्या आकड्याखाली, त्यांनी सगळं लिहून घेतलं: केव्हा सुरू झालं, कोणतं मलम, किती दिवसांनी उलटलं. ती वही घेऊनच त्या तुझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तिथेही मलमच लिहून मिळणार असं दिसल्यावर म्हणाल्या, "चारदा लावून झालंय. आधी तपासून बघा." स्रावाचा नमुना घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बुरशी नव्हतीच. तिथले चांगले जंतू कमी होऊन भलत्याच जंतूंची गर्दी झाली होती. औषध निराळं निघालं. शिवाय ते धुणं बंद, कारण त्याने राखण करणारेच मरतात.

हे मला दुसऱ्या कोणी सांगावं? एकतीस वर्षं मी डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली. नमुना तपासल्याशिवाय दुधाचा एक टँकर आत घेतला नाही. ड्रायव्हर उन्हात चडफडत उभे राहायचे, व्यवस्थापक हात जोडायचे, मी हलायचे नाही. दही लावणारे जंतू कोणते आणि दूध नासवणारे कोणते, हे नव्या मुलींना मीच शिकवलं. तुझी राखण करणारे जंतू त्या दह्याच्याच भावकीतले, आणि त्यांच्यावर जंतुनाशक ओतायला मी सांगितलं. टँकरला दिला तेवढा वेळ पोटच्या पोरीला दिला नाही.

एवढं कळूनही हेवा जात नाही. दवाखान्यात तुझ्याशेजारची खुर्ची माझी होती, तिच्यावर त्या बसल्या. तू त्यांना लग्नाच्या दिवसापासून आई म्हणतेस. रीत म्हणून मी ते चालवून घेतलं होतं. आता ती नुसती रीत उरलेली नाही.

आता पत्राचं खरं कारण. त्या मलमाचं नाव मला इतकं तोंडपाठ कसं, हे तू कधी विचारलं नाहीस. माझ्या कपाटात त्याची नळी नऊ वर्षं आहे. पाळी गेल्यापासून मलाही त्रास होतो. येतो, जातो, पुन्हा येतो. तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही. दर वेळी बुरशी समजून मी लावत आले, न तपासता. माझं दुखणं तुझंच असेल असं नाही, या वयात कारण वेगळंही असू शकतं. म्हणूनच नमुना द्यायचा आहे. त्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेव. तू मात्र बरोबर येऊ नकोस, तुझ्यासमोर मला सगळं सांगता यायचं नाही. विहीणबाईंना विचार, माझ्याबरोबर येतील का. वही आणायला सांग. तारखा मी इथे काढून ठेवल्या आहेत, पण मला कोणीतरी विचारून त्या लिहून घ्याव्यात असं वाटतं.

तुझीच, त्यांच्या आधीपासूनची,
आई