जिवंत पोवळ्याला अभिषेक

मुर्री, श्रावणी सोमवार, २०१२

हे उमापते, कृपा असू दे. आज चित्त स्थिर नाही.

सूनबाई सुनंदाने नागपूरहून आणलेले तिचे पहिलेवहिले जिवंत पोवळे सकाळपर्यंत काचेच्या छोट्या टाकीत उमललेले होते. नागऱ्याच्या महादेवाचे दूधमिश्रित तीर्थ मी त्या खाऱ्या पाण्यात श्रद्धेने ओतले. तांब्याभर. पाणी गढुळले आणि पोवळे मिटले.

"मामाजी, तीर्थ मरनाऱ्याच्या तोंडात घालतेत जी! जित्याले कायले पाजलं?" असे म्हणत तिने अर्धे पाणी बदलले. बोलताना हसली खरी, पण नजर टाकीवरून काढली नाही.

अजून ते मिटलेलेच आहे. जगेल ना? तिलाही सांगता येईना. अंगठीतले पोवळे मी जन्मभर पूजिले, म्हणून यालाही दगडच मानले काय? की जीव जाणून प्रसाद दिला? माझे मलाच उमगत नाही. आताच पुन्हा पाहून आलो, मिटलेलेच.

क्षमा देवाची मागावी की त्या पोवळ्याची, याचा निर्णय होईना. अखेर देवघराकडे पाठ करून टाकीसमोर हात जोडले.

हे पान जो वाचील, त्याच्या घरचा मुका जीव सुखरूप राहो.