दिव्याचे वाकडे बीम

देवगड, बुधवार

ती. सुभद्राबाय,

धाकट्या गुरुदासाचा नमस्कार. तुझा गुडघा बरा असेल आणि भावोजींची साखर आटोक्यात असेल, असं धरून चालतो (आंबापोळीचा डबा मी तुझ्या नावाने पाठवला होता, त्यांच्या नव्हे). फोनवर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून कागद घेतला.

तू बजावलं होतंस की लेकीला, दिव्याला समजाव, इंजिनीयर होऊन ओढ्या-व्हाळात चिखल तुडवायची गरज नाही, ठाण्याच्या हापिसात जागा आहे, सोमवारच्या आत पाठवून दे. मी हो म्हटलं होतं. त्याच कामाला व्हाळावर गेलो, तर व्हाळ ओलांडायच्या साकवासाठी दिव्याने आणलेले आठही काँक्रीटचे बीम वाकडे! मांजराने पाठ उचलावी तसे मध्ये फुगलेले. चाळीस वर्षं ओळंबा धरलेला मी मेस्त्री; म्हटलं, झालं, कारखानदाराने पोरीच्या गळ्यात भंगार मारलं. आता आपसूक ठाण्याला जाईल. (खोटं कशाला बोलू, जरा बरंसुद्धा वाटलं.)

दिव्या बोल्ट आणायला कणकवलीला गेली होती. घरच्या पोरीची शोभा नको म्हणून मी माझ्या हाताखालच्या बाबूला आणि आणखी पाच जणांना हाक मारली. माझा हिशोब सरळ होता: फुगवटा तासून काढता येत नाही, पण खोलगा सिमेंटने भरून पाणसळीत आणता येतो. तेव्हा बीम उलटा करायचा! बीम जड असता तर माझी अक्कल तिथेच थांबली असती. पण व्हाळापर्यंत गाडी जात नाही, म्हणून तिने खडीऐवजी भाजलेल्या मातीचे गोळे घालून तो हलका करून घेतलेला. सहा जणांनी अलगद उलटा केला, दोन टोकांखाली जांभ्या दगडाचे चिरे लावून ठेवला आणि बाबू वर चढला मात्र, तड्! खालून भेग सरळ वर चढली. "मेस्त्रीनू, मोडलो!" म्हणून बाबूने उडी टाकली ती शेवाळात.

दिव्या आली. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर मला रडवणार. तर हसत सुटली गो! "मामा, वजन घालून मोडूकच दोन जास्तीचे हाडलेले. तुमी एक उलट्या बाजून मोडलात, इतक्याच." मग समजावून सांगितलं: आठांतले दोन ताकद तपासायलाच आणलेले. आत खालच्या अंगाला पोलादी तारा ताणून धरतात, तशाच ताणलेल्या असताना काँक्रीट ओततात, आणि ते घट्ट झालं की तारा सोडतात. तारा आखडायला बघतात, बीम पाठ उचलतो. म्हणजे वजन यायच्या आधीच तो वजनाची तयारी करून बसलेला, आणि मी शहाण्याने त्यालाच उलथा केला, तारा वर गेल्या, वजनाला तोंड द्यायला खाली काहीच नाही!

मग दुसरा बीम सुलटा ठेवून आम्ही चिऱ्यावर चिरा चढवला. अठरा चिऱ्यांना तो असा सरळ झाला की माझी दोरी लाजली. चाळिसाव्याला पोट खाली आलं, केसासारख्या भेगा दिसल्या. मी पेन्सिलने भेगांवर खुणा करून लांब पळालो. दिव्या जागची हलली नाही. चिरे उतरवले, तसा बीम हळूहळू वर आला आणि भेगा मिटल्या! चष्मा लावून बघितलं, नख फिरवलं. पेन्सिलची खूण सापडते, भेग सापडत नाही. बाय, माझ्या हातच्या कामाला गेलेली भेग कधी मिटलेली मी बघितली नाही. अभिमान वाटला, सरळ सांगतो. डोळ्यांत पाणी आलं (बाबूला धूळ गेली म्हणून सांगितलंय).

भावोजींना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा (कालपर्यंत) आज्ञाधारक भाऊ,
गुरुदास

ता. क. तुझा निरोप दिव्याला सांगितला नाही. सोमवारपासून मीच तिच्या हाताखाली लागतोय. बीमची वरची बाजू कुठली, ते ती मला खडूने लिहून देणार आहे.

ता. क. दुसरा. खरं काम हे. तुझा फोन येऊन गेला की पोर गप्प होते. काल विचारलं तर म्हणाली, "आई 'कधी येतंस' सोडून कायच इचारना नाय." तेव्हा एकदा तरी विचार गो, साकव कितपत झालो म्हणून. चाळीस चिऱ्यांना न हललेली पोर बीमाकडे तोंड करून डोळे पुसते, ते मला बघवत नाही.